कोंबड्यांची गिनती

फौजेत बदली झाली की माणूस सामान बांधतो आणि जे बांधता येत नाही ते शेजाऱ्याला देऊन जातो. तुळशीची कुंडी, मुलांची लहान झालेली सायकल, कधीकधी कुत्रा. आम्ही तेजपूरहून बेंगळुरूला आलो आणि पंधरवड्यात शेजारच्या मेजरची बदली झाली. जाताना तो म्हणाला, "सर, नऊ आहेत. काही करावं लागत नाही. दिवसभर अंगणात फिरतात, रात्री फणसावर झोपतात."

नऊ म्हणजे कोंबड्या. त्यांतल्या सहा इथे ज्यांना नाटी कोळी म्हणतात त्या, म्हणजे आपल्या गावठी, आणि त्यात एक कोंबडा. उरलेल्या तीन गिरिराज. महाराष्ट्रात गिरिराज हे नाव घरोघरी माहीत आहे, पण ही जात बेंगळुरूची आहे हे मला इथे आल्यावर कळलं. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ती तयार झाली. परसातच वाढवायची, पण गावठीपेक्षा वजनाला आणि अंड्यांना सरस. अडचण एवढीच की अंगाने जड असल्यामुळे तिला फार उंच उडता येत नाही. गावठी कोंबड्या भिंतीवरून फणसाच्या शेंड्याकडे जायच्या, गिरिराज पहिल्याच फांदीवर बसायच्या.

दहा दिवसांत त्यातल्या दोन गेल्या. सकाळी भिंतीपाशी पिसं आणि ओल्या मातीत पावलं. माळीकाम करणाऱ्या ताताने (इथे म्हाताऱ्या माणसाला ताता म्हणतात) वाकून पाहिलं आणि म्हणाला, "पुनुगु बेक्कु." म्हणजे उदमांजर. बेंगळुरूच्या छावणीत जुनी झाडं अजून उभी आहेत, आणि त्यांच्या आधाराने उदमांजर, मुंगूस, धामण, नाग असे बरेच जण राहतात. रात्री झाडावर बसलेली कोंबडी त्यांना वाढून ठेवलेल्या ताटासारखी. अंधारात तिला जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे ती पळतही नाही.

आमची मुलगी तेव्हा नववीत होती. तिची ही सहावी शाळा. आल्याआल्या तिने नऊही कोंबड्यांना नावं द्यायला घेतली होती. दुसरी कोंबडी गेल्यावर तिने ते काम थांबवलं. ती काही बोलली नाही, रडली नाही, फक्त वहीचं ते पान तसंच राहिलं. मग मात्र मी ठरवलं की हे 'काही करावं लागत नाही' प्रकरण आता बंद.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी कोंबड्या कोंडणं हे तिन्हीसांजेचं काम. ओट्याखालच्या खुराड्यात मोठ्या कोंबड्या, आणि पिल्लांवर डालगं. दिवा लावायच्या आधी आजीचा आवाज यायचाच, "कोंबड्या कोंडल्या का रं?" म्हणून आईला फोन केला. ती म्हणाली, "अरं, झाडावर निजायचं तिला कुणी शिकवलेलं न्हाई, ते तिचं मूळच हाय. घरात निजायचं शिकवावं लागतंय. आठ दिस कोंडून घाल. आन् सोडलीस की रोज सांजच्याला मोज."

मूळच आहे हे खरं. आसाम-अरुणाचलच्या पायथ्याशी मी लाल रानकोंबडे पाहिलेत. संध्याकाळी टेहळणीवर असताना बांबूच्या बेटात एकाएकी फडफड होते, एकेक पक्षी वर चढतो आणि मग सगळं शांत. जगभरच्या कोंबड्यांचा पूर्वज मुख्यतः हाच. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा वेगळा, पण पाळीव कोंबड्यांचे पिवळे पाय ही त्याच्याकडून आलेली देणगी, असं जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे. दोघेही रात्री जमिनीवर राहत नाहीत. फौजेत पहाटे आणि संधिप्रकाशात स्टँड-टू असतो, कारण हल्ला होण्याची वेळ तीच. कोंबडीला हे कोणत्याही प्रबोधिनीत न जाता ठाऊक असतं. उजेड कमी व्हायला लागला की तिला उंच जागा हवी. म्हणजे तिची सवय मोडायची नव्हती, तिची उंच जागा फक्त झाडावरून पेटीत आणायची होती.

पेटी म्हणजे खरोखर पेटीच. तेजपूरहून सोफा ज्या लाकडी पेटीतून आला ती सहा फुटी पेटी परसात पडलेली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव, 'तेजपूर ते बेंगळुरू' आणि 'पेटी नं. १४'. विटांच्या चार खांबांवर ती चढवली. आत जमिनीपासून दोन फुटांवर आडवी दांडी ठोकली. दोन इंच रुंद, वरच्या कडा घासून गोल केलेली, म्हणजे कोंबडी बोटं पसरून बसू शकते आणि हवं तर त्यावर पोट टेकते. एका कोंबडीला आठ-नऊ इंच धरले तर सात जणांना सहा फूट पुरतात. अंडी घालायचे खोके मात्र दांडीच्या खाली. ते वर असले तर कोंबड्या तिथेच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत. बाजारात कोंबड्यांची म्हणून जी पातळ षटकोनी जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. म्हणून अर्ध्या इंचाची, वेल्डिंगची जाळी लावली, आणि दाराला कडी.

अंधार पडल्यावर दोन तासांनी शिडी, मंद टॉर्च, ताता, मी आणि मुलगी. फांदीवरची कोंबडी दोन्ही पंख दाबून उचलली की क्षणभर कुरकुरते आणि गप्प होते. कोंबड्याने मात्र एवढा आरडाओरडा केला की पलीकडच्या बंगल्यातला दिवा लागला. सातही जण दांडीवर बसवले आणि दार लावलं. पुढचे सात दिवस दाणापाणी आत, आणि पेटीला लागून जाळीचं छोटं अंगण, तेवढंच फिरणं.

आठव्या दिवशी सूर्यास्ताच्या तासभर आधी दार उघडलं, तेही दाणे न देता. भुकेला शिपाई लंगरापासून लांब जात नाही. उजेड उतरताना पत्र्याच्या डब्यात नाचणी आणि तांदळाच्या कण्या वाजवायच्या आणि हाक मारायची. माझी सातारी "आ आ आ" त्यांनी ढुंकूनही ऐकली नाही. ताताने "बा बा बा" म्हटल्यावर पाच जण धावत आले. बा म्हणजे ये. त्या दिवसापासून आमच्या घरात कन्नड सुरू झालं.

दोन आल्या नाहीत. कोंबडा पेटीच्या दाराशी उभा राहून आत पाहायचा आणि परत फणसाकडे वळायचा, आणि म्हातारी काळी कोंबडी त्याच्या आधीच भिंतीवर. तीन संध्याकाळी हेच. मग मुलीच्या लक्षात आलं की फणसावर कंपाउंडच्या दिव्याचा झोत पडतो आणि पेटीत काळोख. जिथे काही दिसत नाही तिथे कोंबडी पाय टाकत नाही. कंपाउंडचा दिवा अर्धा तास उशिरा लावायचं ठरलं, आणि पेटीत एक छोटा पिवळा बल्ब टांगला. चौथ्या दिवशी कोंबडा आत गेला. बल्ब विझवायचा तो सगळे दांडीवर स्थिरावल्यावरच. मध्येच विझवला तर खाली राहिलेली तिथेच खाली बसते.

काळी तरीही येईना. नॉर्वेच्या शेल्डेरूप-एब्बे नावाच्या माणसाने लहानपणापासून घरच्या कोंबड्यांच्या टोचाटोचीच्या नोंदी ठेवल्या आणि १९२१ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. कोण कोणाला टोचतं यावरून कळपात ज्येष्ठता ठरते, हे त्याने दाखवलं. आमच्याकडे ती ज्येष्ठता काळीची. दाण्यावर पहिली चोच तिची, फणसावर सर्वांत वरची फांदी तिची. पेटीत ती सगळ्यांच्या बरोबरीला आली असती, आणि हे कोणत्याही वरिष्ठाला आवडत नाही. दांडीचं एक टोक चार इंच वर घेतलं. तरी रोज रात्री तिला झाडावरून उतरवून त्या टोकावर बसवायचं. आईचं म्हणणं, "रात्री उचलून ठिवली की सकाळी तिला वाटतंय आपूनच आलो." नवव्या संध्याकाळी ती स्वतः चालत आली आणि त्या टोकावर बसलेल्या गिरिराजला टोचून हाकललं. खडकवासल्याला पहिल्या टर्ममध्ये आपली केबिन शोधत फिरणारे आम्ही, दीड महिन्याने पाय आपोआप तिकडे वळायला लागले होते. मला तेच आठवलं.

दोनेक महिन्यांनी तिघी पुन्हा बाहेर झोपायला लागल्या. नेहमी आत जाणारी कोंबडी अचानक नाही म्हणाली तर तिला हट्टी म्हणण्याआधी आत काय आहे ते बघावं. रात्री टॉर्च घेऊन पाहिलं तर दांडीच्या सांध्यात बारीक लाल किडे. दिवसा फटींत लपतात, रात्री रक्त पितात. दांड्या काढून उकळतं पाणी ओतलं, फटींना चुना भरला, अंगणात राखेचा खड्डा केला. त्यात त्या मनसोक्त लोळल्या. आठवड्यात सगळ्या परत.

ताता दार लावताना मोजायचा आणि शेवटी मोठ्याने म्हणायचा, "एळु." कन्नडमध्ये एळु म्हणजे सात. आणि एळु म्हणजे ऊठसुद्धा. दिवसभराच्या शेवटी झोपलेल्या कोंबड्यांना "ऊठ" म्हणायचं, यावर मुलगी रोज हसायची. पलटणीत संध्याकाळी हजेरी होते तिला आम्ही गिनती म्हणतो. आमच्या परसातली गिनती हळूहळू तिच्याकडे गेली. वहीत तिने सात नावं पूर्ण केली. काळीचं नाव 'सुभेदार मेजर'.

मग माझीच बदली आली, फील्डमध्ये. मुलीची दहावी, म्हणून ती दोघी बेंगळुरूतच, पण कुटुंबांसाठीच्या वेगळ्या क्वार्टरमध्ये, चार-पाच किलोमीटरवर. बायको म्हणाली, कोंबड्या आता कोणाला तरी देऊ. मुलगी म्हणाली, पेटी हलते ना?

पेटी हलली. रात्री सातही आत, दार बंद, जाळीवर गोणपाट, आणि एक टेम्पो. १४ नंबरच्या पेटीचा हा दुसरा प्रवास. कोंबडीला जागा लक्षात राहते, त्यामुळे नव्या अंगणात पुन्हा कोंडणं आलंच. पण दांडी तीच, बल्ब तोच, वरचं टोकही तेच. चार दिवस पुरले. पाचव्या संध्याकाळी दार उघडलं तेव्हा मी तिथे होतो. सुभेदार मेजर थोडी फिरली, नवी भिंत पाहिली, तिथलं आंब्याचं झाड पाहिलं, आणि उजेड उतरताना पेटीत गेली. बाकीच्या तिच्या मागे.

त्यानंतर आठवड्याने मी निघालो. बेंगळुरूत वर्षभरात सूर्यास्त तासाभरानेच पुढेमागे होतो. नोव्हेंबरात पावणेसहाच्या पुढे, जुलैत पावणेसातच्या पुढे. मी आता जिथे आहे तिथे हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं. आमचा स्टँड-टू होऊन बराच वेळ झालेला असतो, बाहेर काहीच दिसत नसतं, तेव्हा तिकडे अजून उजेड असतो. नेटवर्क असलं तर सव्वासहाच्या सुमाराला फोन वाजतो.

मागच्या महिन्यात एकदा "सहा" असा निरोप आला आणि मग दोन दिवस नेटवर्कच नव्हतं. ते दोन दिवस मी ताताच्या पुनुगु बेक्कुचा विचार करत काढले. नंतर कळलं, गिरिराज बोगनवेलीच्या बुंध्याशी खुडूक होऊन बसली होती. या जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, ही झाली. मुलीने टॉर्च घेऊन तिला शोधलं, अंड्यांसकट उचललं आणि पेटीतल्या खोक्यात बसवलं.

काल संध्याकाळचा निरोप एका शब्दाचा होता. "एळु."