गाळ कुणाचा?

पाण्याचा फिल्टर विकणारा मुलगा आला तेव्हा मी गावी नव्हतो. अण्णांचा फोन आला. "आपल्या विहिरीचं पाणी म्हणजे विष आहे रे. डोळ्यांनी बघितलं." मग थोडं थांबून, "तुझ्या आईला तीस वर्षं हेच पाजलं."

आई मागच्या वर्षी गेली. किडनीच्या आजाराने.

त्या मुलाने काय केलं असणार ते मला माहीत होतं. एका ग्लासात घरचं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून प्लग लावायचा. दोन मिनिटांत घरचं पाणी काळपट हिरवं, मग तपकिरी, वर गाळ तरंगतो. फिल्टरचं नितळ. बघणाऱ्याची बोलती बंद.

शनिवारी गेलो. नऊ व्होल्टची बॅटरी, वायरी आणि दोन लोखंडी खिळे घेतले. (स्टीलचे चमचे मुद्दामच घेतले नाहीत, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं.) ग्लासात त्या नव्या फिल्टरचंच पाणी घेतलं आणि अण्णांना चिमूटभर मीठ टाकायला सांगितलं. अर्ध्या तासात तोच गाळ.

खिळे पुसून त्यांच्या हातात दिले. बॅटरीच्या ऋण टोकाचा, ज्याच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येत होते, तो जसाच्या तसा. धन टोकाचा खरखरीत, खाल्ल्यासारखा. पाणी फोडून ऑक्सिजन सोडण्यापेक्षा लोखंडाला स्वतःच विरघळणं सोपं पडतं. ग्लासात तरंगतो तो त्याचाच गंज. फिल्टरच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि कांडी शाबूत राहते. मिठाने ती वाट मोकळी केली, इतकंच.

"म्हणजे घाण त्याच्या कांडीची?"

"हो."

मग विहिरीचं पाणी घेतलं आणि खिळ्यांच्या जागी दोन्ही बाजूंनी तासलेल्या पेन्सिली. बुडबुडे आले, तपकिरी काही नाही. ग्रॅफाइटही धन टोकाला झिजतं, काळी भुकटी पडते, पण सावकाश. अण्णा खुर्ची ओढून बसून राहिले. संध्याकाळी ऋण टोकाच्या शिशावर पांढुरका थर दिसला.

"हे काय?"

"चुना. आपलं पाणी जड आहे ना."

"त्यानेच का तिला...?"

या ग्लासातून ते कळत नाही, असं मी म्हणालो. ते खरंच होतं, पण त्यांना पुरलं नाही. मलाही नाही. सोमवारी विहिरीच्या पाण्याची बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत देऊन आलो. खाल्लेला खिळा अण्णांनी खिडकीत ठेवलाय.