एला शेपर्ड हिस

प्रिय एला,

तुझ्याशी थोडं भांडायचंय. 1871 मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठासाठी पैसा उभा करायला तुम्ही नऊ जण गात निघालात, तेव्हा गुलामीतली ही भक्तिगाणी चारचौघांत म्हणायचीच नव्हती ना तुम्हाला? गुलामीची आठवण नको होती, आणि आईवडिलांसाठी ती पवित्र होती, असं तूच लिहून ठेवलंस. तुमचं गाणं बसवणाऱ्या व्हाइट सरांच्या घरी खुर्च्या मोजक्याच. जमिनीवर बसून हळू आवाजात एकमेकांकडून शिकत होतात. गुलामी तर संपली होती. मग आवाज का चढत नव्हता गं?

पण मी कोण विचारणारी? वडिलांनी पैसे मोजून तुला सोडवलं, आई मात्र मालकाच्याच ताब्यात राहिली. सिनसिनाटीत गाणं शिकायला जायचीस तीही रात्री, मागच्या दारानं. काळी मुलगी शिकतेय हे कोणाला कळता कामा नये, ही शिकवणाऱ्याची अट.

ती गाणीसुद्धा अशीच, मागच्या दारानं जाणारी. मालकाला वाटायचं, बिचारे देवाचं गातायत. मेरीलँडमधल्या गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसनं पुढे सांगून टाकलं: तोंडात बायबलातली वचनभूमी कनान असायची, मनात उत्तरेकडची मुक्त राज्यं. हॅरिएट टबमन तर गुलामांना पळवून नेताना गाण्यातूनच खूण करायची. लपलेल्यांनी बाहेर यायचं की दडून राहायचं, ते तिच्या गाण्यावरून ठरे. प्रत्येक गाण्यात पळून जायची वाट होती असं नाही. कित्येकांत नुसतं रडणं होतं. पण तेही मालकापासून लपवावंच लागायचं ना?

1873 मध्ये लंडनला व्हिक्टोरिया राणीपुढे तुम्ही 'स्टील अवे' गायलात. हळूच निसटून येशूकडे जायचं गाणं. निसटून कुठे, हे राणीला उमगलं असेल? त्याच वर्षी आमच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि तुमच्या देशात गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. तुमच्या सुटकेची बातमी पुण्यातल्या एका माणसाला एवढं बळ देऊन गेली, हे तुला कधी कोणी सांगितलं का?

तुमच्या कमाईतून फिस्कचा ज्युबिली हॉल उभा राहिला. माझ्यावरचं ऋण मात्र निराळं आहे. घरातलं, जिवाजवळचं दुःख तुम्ही परक्यांपुढे मांडलंत, म्हणून ते माझ्यापर्यंत आलं. आज या गाण्यांना टाळ्या पडतात, 'किती गोड' म्हणतात, तेव्हा मला राग येतो. गुलाम गातात म्हणजे सुखात आहेत, असं मालकांनाही वाटायचंच की! मी ऐकेन तेव्हा शेजारच्याला हे सांगितल्याशिवाय राहणार नाही, एला.

तुझीच,
एक ऐकणारी