आधी वस्तीवर, मग बैठकीला

15 ऑगस्ट 2007 ला तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव नीरा डाव्या कालव्यावरचं. बारामतीची शिवारं भिजवून पाणी आमच्याकडं उतरतं, त्यामुळं पाण्याची पाळी, बांध आणि शिवरस्ता ही भांडणं पिढीजात. ग्रामसभेनं तंटामुक्ती समिती नेमली आणि शाळेतले गुरुजी म्हणून नोंदवही माझ्याकडं आली. दिवाणी, महसुली, फौजदारी असे तंटे त्यात वेगवेगळे लिहायचे. फौजदारीतले फक्त कायद्यानं तडजोड होऊ शकते तेवढेच मिटवायचे.

बैठक देवळाच्या सभामंडपात भरायची. पुढं बसणारे ठरलेले, बोलणारे त्याहून ठरलेले. "काही तक्रार?" असं विचारलं की उत्तर यायचं, "काही नाही गुरुजी, आपलं गाव एक आहे." नोंदवहीची पानं मात्र भरत होती. शेवटी पोलीस पाटील म्हणाले, "इथं कोण बोलणार? चला, आपणच फिरू."

मग आम्ही संध्याकाळी फिरायला लागलो. दूध संकलन केंद्रावर धारा काढून आलेले लोक मोकळे असायचे. बौद्धवस्तीत एक पोरगा तोंडावर म्हणाला, "गणपतीची मिरवणूक रात्री कितीही लांबली तरी चालते. 14 एप्रिलला आम्ही पेठेतून निघालो की वेळ सांगायला सगळे येतात." मशिदीसमोर बसलो तेव्हा कळलं, की कब्रस्तानची वाट दोन्ही बाजूंनी नांगरत नांगरत पायवाट झालीय, पावसाळ्यात मयत न्यायची कशी, हा प्रश्न होता. ऊसतोडीच्या कोप्यांवर बीडकडची एक बाई म्हणाली, "कुणाची मोटर चोरीला गेली, की आधी आमची भांडी उचकतात." बचत गटाच्या बायकांनी तर आमची वर्गवारीच मोडीत काढली. त्यांचं म्हणणं, निम्मी भांडणं बांधावर होत नाहीत, दारूच्या गुत्त्यावर होतात.

यातलं एकही बोलणं देवळातल्या बैठकीत आलं नव्हतं, आणि यातल्या बऱ्याच जणांना त्या बैठकीला कुणी बोलावलंही नव्हतं.

पुढची बैठक शाळेत घेतली. मिरवणूक कुणाचीही असो, वाट एक आणि रात्री दहाला स्पीकर बंद, एवढं ठरलं. कब्रस्तानच्या वाटेची सरकारी मोजणी झाली आणि ती बैलगाडी जाईल इतकी मोकळी झाली. सगळं काही सुटलं नाही. गुत्ता बंद झाला आणि काही महिन्यांनी दुसरीकडं उघडला. बांधाचे काही दावे आजही कोर्टात आहेत.

पण विचारायची सवय लागली. तुकोबांची पालखी आमच्या भागातून जाते. त्यामुळं आषाढीला इथं वेगळंच महत्त्व. 29 जून 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम बांधवांनी त्या दिवशीची कुर्बानी पुढं ढकलली. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्यावर ईदचे जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं आणि सरकारनं 29 ला सुट्टी दिली. आमच्याकडं दोन्ही वेळा ही बोलणी आधीच मशिदीसमोर बसून झाली होती. बैठकीत फक्त वाचून दाखवायचं राहिलं.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. बऱ्याच गावांत ती घरोघर सह्या फिरवून उरकली जाते. शांतता समिती असो की ग्रामसभा, सगळ्यांसमोर विचारलं की माणूस मान डोलावतो. त्याच्या दारात बसून विचारलं की मत सांगतो. म्हणून बैठका लावणाऱ्यांना एकच सांगणं आहे: इतिवृत्तावर आलेल्यांच्या सह्या घेताच, त्याखाली कोणत्या वस्तीवरून कुणी आलं नाही तेही लिहा आणि पुढच्या बैठकीआधी तिथं जाऊन या.