मोटारीचा मोतीबिंदू

माणसाला आपली चूक दिसत नाही, असे म्हणतात ते खरेच आहे. पण आपल्याला नीट दिसत नाही, हेही माणसाला दिसत नाही. हा धडा मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी शिकावा लागला, आणि तोही मोटारीच्या दिव्यांकडून.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, धुळ्याला असते. मी जळगावला. दरवर्षी भाऊबीजेला मी आणि सौभाग्यवती मोटारीने धुळ्याला जातो. अंतर ९०-९५ किलोमीटरचे. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडायचा, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, की आले धुळे. सरकारने या रस्त्याला आता ५३ नंबर दिला आहे. आमच्या तोंडी मात्र तो अजून सहा नंबरचाच रस्ता. सकाळी निघावे, दुपारी जेवावे, संध्याकाळी ओवाळून घ्यावे आणि आक्काच्या "थांब रे जरा, चहा घेऊन जा"ला मान देत देत चांगला काळोख पडल्यावर परतीला लागावे, असा आमचा शिरस्ता.

गेल्या वर्षी असेच परत येत होतो. पारोळा मागे पडले. समोरून एक बस आली आणि तिच्या दिव्यांनी माझे डोळे दिपवून गेली. मी बसवाल्याच्या नावाने बोटे मोडतो आहे तोच एकाएकी दहा हातांवर कपाशीने लादलेली बैलगाडी! तिच्या मागे ना कंदील, ना लाल काच. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. मोटार थांबली तेव्हा तिचे नाक कपाशीच्या ओझ्याखाली गेलेले होते. आणखी हातभर पुढे गेलो असतो, तर हा लेख लिहायला मी नसतो, आणि तो गाडीवानही बहुधा नसता.

मी तावातावाने खाली उतरलो. "दिवा लावायला काय होतं?" हे वाक्य माझ्या ओठांवर होते. पण गाडीवान माझ्याआधी बोलला. त्याने माझ्या मोटारीकडे खालीवर पाहिले आणि शांतपणे विचारले, "भाऊ, तुमच्या मोटारीला दिवेच नाहीत का?"

दिवे होते, चांगले लागलेले होते. पण त्याच्या अंगावर, त्याच्या गाडीच्या चाकांवर जो उजेड पडला होता, तो पाहून मलाही क्षणभर शंका आली. जुन्या पिवळट धोतरातून गाळून घ्यावा तसा तो उजेड होता.

सौभाग्यवती घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी आल्यावर एकच वाक्य बोलल्या, "आजपासून रात्रीची मोटार बंद." पुण्याच्या चिरंजिवांनी फोनवरून त्या ठरावाला अनुमोदन दिले.

मी माझी बाजू मांडली. बसवाला बेजबाबदार, रस्ता काळाकुट्ट, गाडीवानाला अक्कल नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. चष्म्याचा नंबर तोच निघाला. मोतीबिंदूही नव्हता. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठीक आहेत. पण विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीत पोचतो. रात्री जपून चालवा." झाले! घरच्यांना आयतेच प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर सहा महिने मी कोंबड्यासारखा सूर्यास्ताच्या आत घरी येत होतो. आक्काकडे गेलो तरी चार वाजताच उठायचे. "तुला हल्ली माझ्याकडे बसवतच नाही," असे एकदा ती म्हणाली. मला काय उत्तर द्यावे ते सुचेना.

मे महिन्यात मोटारीचे ऑइल बदलायला गेलो होतो. आमच्या मिस्त्रीला म्हटले, "जरा जास्त जोराचे बल्ब टाक बाबा." त्याने दिव्यावर नखाने टिचकी मारली. "काका, बल्ब बदलून काय होणार? बल्ब चांगला आहे. काच पिकलीये. आणि खरं सांगू? ही काचही नाही."

"म्हणजे?"

"प्लास्टिक आहे."

आणि मला आमचा कंदील आठवला.

आमचे लहानपण एरंडोलजवळच्या खेड्यात गेले. घरात दोन कंदील. दिवेलागणीच्या आधी त्यांच्या काचा पुसणे हे आम्हा भावंडांचे काम. माझा हात लहान, म्हणून काच आतून पुसायची ती मी. चुलीतली चाळलेली राख, जुन्या लुगड्याचे फडके आणि तोंडाची वाफ एवढेच आमचे सामान. तपासणी आक्काकडे. ती काच मावळतीकडे धरी, एक डोळा मिटून आरपार पाही आणि म्हणे, "डाग आहे, बापू. परत पूस." मला कुठेच डाग दिसत नसे. तिला मोहरीएवढाही दिसे. पण शेवटी काच ती काच. काजळी आली की पुसावी, लख्ख व्हावी. म्हातारी झाली म्हणून ती कधी पिवळी पडली नाही.

फियाट आणि अँबॅसॅडरच्या जमान्यातले मोटारीचे दिवे याच जातीचे होते. गोल, जाड काचेचे. फुटले तर फुटले. धुरकट मात्र होत नसत. अमेरिकेत तर १९४० ते १९८३ पर्यंत ठरावीक मापाचे काचेचेच दिवे कायद्याने सक्तीचे होते. मग प्लास्टिकला मुभा मिळाली. पॉलिकार्बोनेट नावाचे हे प्लास्टिक हलके, दगड लागला तरी सहसा न फुटणारे आणि हवा तो आकार घेणारे. म्हणून तर हल्लीच्या मोटारींचे दिवे मांजराच्या डोळ्यांसारखे तिरपे दिसतात. पण या प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ असतो आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक लेप देतात. वर्षानुवर्षे उन्हात तो लेप झिजतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि खालचे प्लास्टिक पिवळे पडू लागते. बल्बचा उजेड सरळ रस्त्यावर जाण्याऐवजी त्या चिरांमधून वाटेल तिकडे विखुरतो. म्हणजे आपल्याला पुढचे दिसत नाही, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र तिरीप येते. ज्या बसवाल्याला मी शिव्या दिल्या, तोही बहुधा मला देत असणार!

हे सारे आम्हा जळगावकरांना कोणी सांगायला हवे होते काय? प्लास्टिकच्या चटयांचे आमचे गाव. गच्चीवर विसरलेली चटई दोन उन्हाळ्यांत हातात घेताच भुगा होते, हे इथल्या पोरालाही ठाऊक. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि त्या उन्हात माझी मोटार बारा वर्षे पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. मी घरी येऊन निरखून पाहिले. डावा दिवा लिंबाच्या सावलीत येई, तो जरा बरा होता. उजवा पार पिकलेल्या केळीच्या पानासारखा झाला होता. बारा वर्षे रोज सकाळी मोटार मीच पुसत होतो!

नव्या दिव्यांच्या जोडीला काही हजार रुपये पडतात, म्हणून घरगुती उपाय करायचे ठरवले. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी दात घासण्याच्या पेस्टचा सल्ला दिला. घासली. दिवे लखलखले. मी पेढे वाटण्याच्या बेतात होतो. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पेस्टमध्ये बारीक खर असते, तिने वरचा पापुद्रा जातो इतकेच. खालच्या प्लास्टिकला संरक्षण काहीच नाही.

मग मिस्त्रीलाच गुरू केले. त्याने सांगितलेले सामान आणले: पाण्यात भिजवायचा पॉलिश पेपर ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरचा, रबिंगचा डबा, कागदी चिकटपट्टी आणि ऊन अडवणाऱ्या पारदर्शक लॅकरचा एक फवारा. एका रविवारी सकाळी सहा वाजता, ऊन चढण्यापूर्वी, सावलीत बैठक मारली. दिवे साबणाने धुतले. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून भोवती चिकटपट्टी लावली. मग ८०० नंबरचा कागद ओला करून आडवे हात मारू लागलो. दिव्यावरून पिवळे दुधाळ पाणी वाहू लागले. बारा उन्हाळे त्या पाण्यातून वाहत होते म्हणा ना. मिस्त्रीची खूण अशी, की पाणी पिवळे आहे तोवर थांबायचे नाही. पांढरे येऊ लागले की पुढचा कागद. पहिला आडवा, दुसरा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. आणि कागद कोरडा पडू द्यायचा नाही.

अर्ध्या तासाने मी मागे सरून पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. दिवा पूर्वी पिवळा तरी होता, आता तो न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेसारखा ठार पांढरा झाला होता! सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "छान! आता रात्री मी बॅटरी घेऊन पुढं चालते, तुम्ही मागून मोटार आणा."

पण गुरूवर श्रद्धा ठेवली. कागदाचा नंबर वाढत गेला तसा पांढरेपणा धुक्यासारखा विरळ होत गेला. मग मऊ फडक्यावर रबिंग घेऊन गोल गोल घासले. हात भरून आले, आणि अचानक आतला बल्ब दिसू लागला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दिवा नितळ! नंतर तो धुऊन पूर्ण कोरडा केला आणि लॅकरचे पातळ दोन थर दिले. हे शेवटचे काम आळसाने टाळणाऱ्याची सारी मेहनत काही महिन्यांत फुकट जाते. कारण जुना लेप आपणच खरवडून काढलेला असतो. दोन्ही दिव्यांना मिळून चार तास लागले.

वाचकांपैकी कोणी हे करणार असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. पिवळेपणा आतून असेल किंवा दिव्यातल्या आरशाची चकाकी उडाली असेल, तर बाहेरून घासून उपयोग नाही. आणि मंद दिव्यावर जास्त वॅटचा बल्ब हा उपाय नव्हे. त्याने तारा तापतात. नेहमीचा बल्बच ६०/५५ वॅटचा असतो, तो पुरतो. काम झाल्यावर मोटार भिंतीसमोर उभी करून झोत फार वर जात नाही ना, तेही पाहून घ्यावे.

रात्री सौभाग्यवतींना घेऊन मेहरूण तलावाकडे चक्कर मारली. झाडाच्या बुंध्याला लावलेला चुना, रस्त्याकडेचे कुत्रे, दूरच्या पाटीवरची अक्षरे, सारे दिसत होते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "राखी पौर्णिमेला धुळ्याला जाऊ. रात्री परत आलं तरी चालेल."

राखी पौर्णिमेला गेलो. आक्काने पाट मांडला, तबक घेतले. कुंकू लावताना तिचे बोट माझ्या कपाळाऐवजी भुवईवर टेकले. राखीची गाठ दोनदा सुटली. "मेले हे नवे दिवे!" ती करवादली. "नुसते पांढरे. उजेड म्हणून नाही. आणि राखीचे दोरे तरी किती बारीक करतात!" भाचा हसून म्हणाला, "आईचं आता वय झालं, मामा."

सगळे हसले. मला हसू आले नाही. बसवाला, रस्ता, बैलगाडी... आक्का माझेच बोलणे बोलत होती. मोहरीएवढा डाग पकडणारी ती माझी बहीण! तिच्या डोळ्यांसमोर अंधार इतक्या हळू आला, की तिने दिव्यांना दोष दिला, दोऱ्यांना दिला. आणि घरातल्यांनी वयाला दिला. मला माझ्या कोंबड्यासारख्या सहा महिन्यांची आठवण झाली.

त्या रात्री मी परत निघालोच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. ती वाटभर भांडत होती. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा चांगला पिकलाय." मिस्त्रीचाच शब्द! मी आक्काला मोटारीचे दिवे दाखवले, पॉलिश पेपरची कथा सांगितली. ती घाबरून म्हणाली, "माझ्या डोळ्यावर कागद घासणार की काय?" तसे काही नसते, आतले गढूळ भिंग काढून नवे बसवतात, हे डॉक्टरांनी समजावल्यावर ती तयार झाली.

सप्टेंबरात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आठवड्याने मी भेटायला गेलो. आक्का ओसरीवर बसली होती. तिने मला जवळ बोलावले, हनुवटी धरून माझे तोंड उजेडाकडे वळवले, डावा डोळा मिटला आणि कंदिलाच्या काचेसारखे मला निरखले.

"अगबाई, किती म्हातारा झालास रे बापू! आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही!"

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मी भाऊबीजेच्या तयारीत असेन. यंदा आक्काने रात्रीच्या जेवणाचे आग्रहाने सांगितले आहे. डिकीत लाल चकाकत्या पट्टीचे एक रीळ आठवणीने ठेवले आहे. पारोळा ओलांडल्यावर तो गाडीवान पुन्हा भेटला, तर आधी त्याला रामराम करणार आहे, आणि मग त्याच्या गाडीच्या मागच्या फळीवर ती पट्टी मीच चिकटवून देणार आहे.