हत्ती दारी बांधताना

मैत्रिणींनो, खरं सांगा हं, तुमच्या मनात अशी एखादी हौस आहे का, की जी कुणाजवळ बोलून दाखवायचीही चोरी वाटावी? साडीची, दागिन्याची हौस आपण उघड बोलतो. घरचे थोडे हसतात, थोडे कुरकुरतात, पण समजून घेतात. माझी हौस मात्र जगावेगळी निघाली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी एक जुनी, भलीमोठी आणि भरमसाट पेट्रोल पिणारी मोटार घेतली. तीही सणावारी मिरवायला नव्हे, तर रोज कामावर न्यायला!

तुम्ही म्हणाल, बाईला वेड लागलं. आमच्या घरीही पहिलं वाक्य हेच उमटलं होतं.

गेली सव्वीस वर्षं आम्ही इंग्लंडमध्ये, लंडनच्या नैर्ऋत्येला वोकिंग नावाच्या गावी राहतो. मी शेजारच्या गिल्डफर्डला एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. जाऊन-येऊन बावीस-तेवीस किलोमीटरचा रस्ता. एवढ्यासाठी पाचशे अश्वशक्तीची गाडी कशाला हवी? आपल्याकडच्या साध्या छोट्या मोटारीला साठ-सत्तर अश्वशक्ती पुरते. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी मला थोडं मागं जावं लागेल.

माझे वडील दापोडीला एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. रविवारी शेजारीपाजारी आपापल्या स्कूटरी आणि मोटारी आमच्या अंगणात आणून लावायचे. अण्णा स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. वैद्याने नाडी पाहावी तसं. मी शेजारी बसून दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना त्यांच्या हातात देत असे. आई ओरडायची, "पोरीचे हात काळे करू नका हो, उद्या उजवायचीय तिला." मग अण्णा मला आत पाठवायचे. आत जाऊनही कान मात्र अंगणातच राहायचे. कुठल्या गाडीचा आवाज कसा, हे मला तेव्हापासून कळतं. पुढे शिक्षण, लग्न, परदेश, मुलीचं संगोपन यांत ते सारं मागं पडलं. गेलं नव्हतं एवढंच.

आता या गाडीबद्दल. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर जाहिरात वाटेल, नाही तर बदनामी. उंच, आठ सिलिंडरांची आणि सुपरचार्जर बसवलेली आहे एवढंच सांगते. सुपरचार्जर म्हणजे काय? तुमच्यापैकी कुणी चुलीवर स्वयंपाक केला असेल तर तिला सांगायलाच नको. लाकडं कितीही घातली तरी वारा मिळाला नाही तर जाळ धरत नाही. मग आपण फुंकणी घेतो. सुपरचार्जर ही इंजिनाची फुंकणी! इंजिन स्वतःच पट्ट्याने ती फिरवतं आणि ती इंजिनात जादा हवा कोंबते. जादा हवा आली की जादा पेट्रोल जळतं आणि गाडी उसळते.

गंमत म्हणजे ही उपमा नुसती उपमा नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स नावाचे दोन भाऊ होते. हवा फुंकणाऱ्या यंत्राचं पेटंट त्यांनी १८६० साली घेतलं. ते यंत्र भट्ट्यांना वारा घालायला वापरलं गेलं, म्हणजे लोहाराचा भाताच! मोटारीच्या इंजिनात हवा दाबून भरण्याच्या कल्पनेचं पेटंट गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ साली घेतलं. १९२१ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात तर मर्सिडीजने अशा भात्याच्या मोटारी विक्रीलाच मांडल्या.

आमच्या घरापासून जवळच ब्रुकलंड्सची जुनी शर्यतीची धाव आहे, १९०७ साली बांधलेली. आता तिथे संग्रहालय आहे. तिथे मला बिएट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंची हकिकत कळली. १९३४ साली त्यांनी या धावेवर ताशी शंभर मैलांच्या वर मोटारसायकल पळवून सुवर्णतारा मिळवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांचं सुपरचार्जर असलेलं मर्लिन इंजिन विमानाने एकदम खाली सूर मारला की अडखळायचं, क्षणभर बंदही पडायचं. १९४१ मध्ये या बाईंनी भोक पाडलेल्या धातूच्या एका लहानशा चकतीने पेट्रोलचा पुरवठा आवरला आणि वैमानिकांचा जीवघेणा प्रश्न बराचसा सोडवला. ते ऐकून मी घरी आले आणि चहा पिता पिता ह्यांना म्हटलं, "अहो, मला ती गाडी घ्यायचीय."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, या वयात लोक लहान गाडी घेतात. विजेवर चालणारी घेतात. घराचे हप्ते अजून चार वर्षं आहेत, दोन वर्षांनी मी निवृत्त होणार."

"घरखर्चातली पै घेणार नाही. माझे शनिवारचे पैसे आहेत." सहा वर्षं मी शनिवारी जादा काम करत होते. ते पैसे वेगळे साठले होते.

हे थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "गाडीची किंमत मला कळली. तिचं पोट केवढं आहे, ते तू सांग."

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी राग आला. आता वाटतं, सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. नवी असताना सुमारे ऐंशी हजार पौंडांना मिळणारी गाडी बारा वर्षांची झाल्यावर तेरा हजारांना का मिळते? विकणारा काही धर्मादाय करत नसतो. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. तेरा हजारांची गाडी झाली, तरी तिची दुरुस्ती ऐंशी हजारांच्या गाडीचीच राहते. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून तो काही कोंबडीएवढं खात नाही.

मी किराण्याची वही काढली आणि मागच्या पानावर हिशेब मांडला. विमेवाल्याला आधीच विचारलं, वर्षाला अकराशे पौंड. इथे २००६ ते २०१७ च्या मार्चपर्यंत नोंदलेल्या गाड्यांवर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडप्रमाणे कर बसतो. किलोमीटरला २५५ ग्रॅमच्या वर गेलं की सगळ्यात वरचा दर, २०२५ साली ७६० पौंड. पेट्रोल लिटरला फार तर सात किलोमीटर. दुरुस्तीला दोन हजार धरले. तेव्हा ठरवलं, तेरा हजारांवर गाडी घ्यायची नाही आणि घेण्याआधी चार हजार वेगळ्या खात्यात टाकायचे. शिवाय पगारातून दरमहा दोनशे. विमा, कर, दुरुस्ती सगळं त्यातून. या खात्याचं नाव आम्ही 'डबा' ठेवलं. आपल्या आया डाळीच्या डब्यात पैसे ठेवायच्या ना, तसंच. ह्यांनी एकच अट घातली, "डब्यात पाचशेच्या खाली आलं की गाडी विकायची. रडायचं नाही." मी कबूल केलं.

पहिली गाडी पाहिली ती आरशासारखी चकचकीत. पण मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम! आम्ही यायच्या आधीच इंजिन सुरू करून ठेवलेलं. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं, ते तापल्यावर लपवतं. इथे तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी सरकारी तपासणी होते. तिचे निकाल आणि त्या त्या वेळचं अंतर कुणालाही सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. त्या गाडीचा एकेक निकाल वाचला, तर तीच तीच दुखणी तीन वर्षं लिहिलेली. नमस्कार केला आणि परत फिरलो.

दुसरी गाडी हॅम्पशायरच्या एका खेड्यात एका निवृत्त गृहस्थांकडे होती. मी फोनवरच सांगितलं होतं, "आम्ही येईपर्यंत सुरू करू नका." त्यांनी पावत्यांची जाडजूड फाइल पुढे ठेवली. या गाड्या स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात. रात्रभर उभी असलेली गाडी एका कोपऱ्यात खचली असेल तर फुगा गळतोय असं समजावं. ही सरळ उभी होती. चारही टायर एका जातीचे. किल्ल्या दोन. गिअरबॉक्सचं तेल मात्र कधीच बदललेलं नव्हतं. मग सुरू केली. सुरुवात छान, पण नंतर संथ चालताना एक बारीक खडखड.

माझा धीर सुटला. तेरा हजारांचा प्रश्न होता. काय सुचलं कोण जाणे, मी दापोडीला फोन लावला. अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. म्हटलं, "अण्णा, जरा ऐका." आणि फोन इंजिनाजवळ धरला.

"रेस करू नकोस पोरी. तशीच चालू राहू दे." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन तुटला. "सिलिंडर किती गं?"

"आठ."

"अरे बापरे! आपल्या लेलँडला सहा असायचे." पुन्हा शांतता. "हा आवाज पोटातला नाही. वरच्या अंगाला, पट्ट्यावर फिरणारं काहीतरी सैल आहे. कुणाकडून तरी उघडून बघून घे, मगच पैसे दे."

आठवड्याने एका मेकॅनिकला घेऊन गेलो. फुंकणीच्या तोंडाशी एक लहान जोडणी असते, ती झिजली होती. बाकी इंजिन ठणठणीत. त्या गृहस्थांनी त्यापोटी किंमत कमी केली, गाडी बरोबर तेरा हजारांना बसली. संध्याकाळी अण्णांना कळवलं. ते म्हणाले, "तुला तेव्हा आत पाठवायला नको होतं." एवढंच बोलले आणि फोन आईकडे दिला.

यापुढे सगळं गोड झालं असं सांगितलं तर तुमची फसवणूक होईल. ती जोडणी, गिअरबॉक्सचं तेल, दोन टायर हे सगळं पहिल्या चार महिन्यांत झालं. चौथ्या महिन्यात कामावरून येताना गोडसर वास आला आणि रस्त्यावर हिरवट-नारिंगी थेंब दिसले. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची प्लॅस्टिकची नळी वयोमानाने तडकली होती. मी तिथेच गाडी थांबवली. तशीच दामटली असती तर इंजिन जळालं असतं. दुरुस्तीचं बिल साडेनऊशे! विमा आणि कर आधीच भरले होते. डब्यात उरले ६४० पौंड.

त्या रात्री मी विकण्याची जाहिरात लिहून ठेवली. हे काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. पण पाचशेची रेघ अजून ओलांडली नव्हती. पुढचे दोन महिने आठवड्यातले दोन दिवस मी आगगाडीने कामाला गेले. वाचलेलं पेट्रोल डब्यात. जाहिरातीचा कागद वहीतच राहिला. अजूनही आहे.

आता वर्ष झालं. कर ७६०, विमा ११००, दुरुस्ती २३०० आणि पेट्रोल सुमारे १८००. म्हणजे साधारण सहा हजार पौंड, आपल्या सात लाख रुपयांच्या आसपास. दोन वर्षांत गाडीची किंमत जवळजवळ पुन्हा मोजावी लागते, हे विसरू नका. आणि एवढं पेट्रोल जाळताना मनाला टोचणी लागते, हेही खरं. म्हणून दुकानापुढच्या कोपऱ्यावर जायला मी आता पायीच जाते.

मग मिळालं काय? सकाळी सातला थंड इंजिन सुरू होतं, आधी गुरगुरतं, मग शांत होतं. मी अर्धा मिनिट नुसती ऐकत बसते. रस्ता मोकळा असला तर कधी पाय थोडा दाबते आणि फुंकणीची ती बारीक शीळ ऐकते. परवा हे शेजारी बसले होते, म्हणाले, "आज आवाज जरा वेगळा येतोय का गं?" वेगळा नव्हता. पण ह्यांनी ऐकला, याचाच मला आनंद झाला.

आपल्याकडेही आता मोठमोठ्या परदेशी गाड्या जुन्या बाजारात नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळतात. घरात कुणाचा जीव त्यात अडकला, मग ते तुमचे हे असोत, मुलगा असो की तुम्ही स्वतः, तर नुसतं नाही म्हणू नका, नुसतं होही म्हणू नका. गाडी थंड असताना पाहा. आर.सी., विमा, कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद आणि सर्व्हिसच्या पावत्या मागून घ्या. आपला मेकॅनिक नेऊन दाखवा. किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे आधी बाजूला काढा. ते निघत नसतील, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, मग भाव कितीही पडलेला असो. आणि कुठल्या आकड्याला विकायची, ते घेण्याआधीच ठरवा.

हा हिशेब आपल्याशिवाय चांगला कोण करणार? महिन्याचा किराणा, मुलांच्या फिया आणि आल्यागेल्याचं पाहून चार पैसे मागं टाकणाऱ्या बायका आपण. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या हौशींसाठी वहीची पानं भरली. एक पान स्वतःच्या हौशीचं लिहून तर बघा. कदाचित हिशेब जमणार नाही, पण तोही हिशेबानेच कळू दे.