दोरीचे माप

मित्रांनो, तुम्ही कधी टांग्याच्या किंवा जुन्या जीपगाडीच्या खाली वाकून पाहिले आहे का? मागच्या चाकाजवळ लोखंडाचे लांब, वाकलेले पाटे एकाखाली एक रचलेले दिसतात. एक पाटा सर्वांत लांब, त्याच्याजवळचा थोडा आखूड आणि त्यापुढचा आणखी आखूड. गॅरेजमध्ये या पाट्यांना 'कमान' म्हणतात. कमान म्हणजे धनुष्य. हा शब्द तुम्हांला नव्याने शिकवायला नको. फारसीतून तो उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. गाडीचे सारे ओझे या धनुष्यावर असते. चाक खड्ड्यात गेले की कमान दबते आणि पुन्हा वर येते. म्हणून आत बसलेल्या माणसाला धक्का कमी लागतो.

मी ही कमान पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा नववीत होतो. आमचे गाव पाचोड. ते पैठण तालुक्यात आहे. त्या वेळच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. मोसंबीच्या बाजारासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तुमच्यासारखाच मीही उर्दू माध्यमात शिकलो. माझे मराठी अर्धे शाळेत आणि अर्धे रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये तयार झाले.

आमच्या अब्बांकडे एक जुनी अँबॅसिडर मोटार होती. ही गाडी आता रस्त्यावर क्वचितच दिसते. इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीवरून ती घेतलेली होती. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती 1950 च्या दशकाच्या अखेरीस तयार होऊ लागली आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले. मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळे तिच्यातून फिरत. अब्बा तिच्यातून प्रवासी नेत. आमचे घर त्या गाडीवर चालत असे.

एका पावसाळी रात्री गाडीचे मागचे चाक मोठ्या खड्ड्यात आदळले. गाडी कशीबशी घरी आली, पण चाक तिरके फिरू लागले होते. दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा जो जाड आडवा भाग असतो, त्याला एक्सल म्हणतात. त्याची नळीच वाकली होती. ती ठोकून सरळ होण्यासारखी नव्हती. पूर्ण एक्सल बदलणे भाग होते. दहा दिवस गाडी उभी राहिली. अम्मीने दोन बकऱ्या विकल्या, तेव्हा शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक चांगला एक्सल आणता आला.

गॅरेज ज्यांचे होते, त्यांना सारे गाव मिस्त्री म्हणत असे. मी त्यांना काका म्हणे. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे पाने पुसायला आणि बोल्ट धुवायला जात असे. त्या दिवशी ते म्हणाले, "पोरा, गाडी तुझ्या घरची आहे. आज तूही हात काळे कर."

आम्ही सकाळीच कामाला लागलो. आधी पुढच्या चाकांना दगडांची ओट लावली. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. मग जॅकने गाडी उचलली आणि तिच्या मजबूत भागाखाली दोन लोखंडी घोड्या ठेवल्या. "नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जायचं नाही," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

नंतर चाके काढली. इंजिनाकडून मागे येणारा लांब दांडा एक्सलपासून सोडवला. सोडवण्यापूर्वी काकांनी दोन्ही तोंडांवर छिन्नीने एक-एक खूण केली. जोडताना खुणेसमोर खूण आली, की दांडा पूर्वीसारखाच फिरतो. ब्रेकची नळी, हँडब्रेकची तार, शॉक ॲब्सॉर्बर हेही सोडवले. शेवटी राहिले यू-बोल्ट. इंग्रजी 'यू' अक्षरासारखे वाकलेले हे बोल्ट एक्सलला कमानीशी घट्ट आवळून धरतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोल्ट आणि त्यांचे मिळून आठ नट. गंजलेले नट सोडवताना आम्ही घामाने भिजलो. दुपारी जुना एक्सल बाहेर आला.

नवा एक्सल लावण्याआधी काकांनी मला जवळ बोलावले. "हे बघ, कमानीचे सगळे पाटे मध्यभागी एका बोल्टने एकत्र बांधलेले असतात. त्याचं डोकं वर आलेलं आहे. एक्सलच्या बैठकीला एक भोक आहे. हे डोकं त्या भोकात बसलं पाहिजे. तेवढ्यावरून एक्सलला आपली जागा कळते. यू-बोल्ट नुसते आवळतात, जागा दाखवत नाहीत."

मी विचारले, "काका, जागा जरा चुकली तर?"

"चाकं गाडीला पुढं ढकलतात ना? ते ढकलणं कमानीच्या पुढच्या टोकातूनच गाडीला मिळतं. एक बाजू मागं राहिली, तर गाडी खेकड्यासारखी तिरकी पळेल. जोरात ब्रेक लागला, तर मागची बाजू फेकली जाईल."

कमानीचे पुढचे टोक गाडीला पक्के जोडलेले असते. मागचे टोक मात्र एका हलत्या दुव्याला जोडलेले असते. त्याला शॅकल म्हणतात. असे का, याचे उत्तरही मला त्याच दिवशी मिळाले. ओझ्याखाली दबली की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते. वाढलेल्या लांबीला सरकायला जागा हवी.

उजवी बाजू काकांनी बसवली. डावी मला दिली. तेवढ्यात अब्बा आले. काका त्यांना म्हणाले, "भाई, तुमचा पोरगा हाताचा पक्का आहे." माझी छाती फुगली. अब्बा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर दहा दिवसांनी हसू दिसले. शेजारच्या दादीअम्मांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटेच औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात न्यायचे ठरले होते.

संध्याकाळ झाली. रस्त्यावर एक मालगाडी बंद पडली, म्हणून काकांना जावे लागले. "नट एकदम आवळू नकोस. समोरासमोरचे थोडे थोडे आवळ," असे सांगून ते निघून गेले. मी तसेच केले. नट घट्ट बसले. मग मी बॅटरी लावून पाहिले. एक्सलची बैठक आणि पाटा यांच्यामध्ये नखाएवढी फट होती. बोल्टचे डोके भोकात गेलेलेच नव्हते.

मित्रांनो, त्या वेळी मी काय करायला हवे होते, ते तुम्ही लगेच सांगाल. मलाही ते ठाऊक होते. पण चारही नट पुन्हा सोडवायचे, एक्सल पुन्हा उचलायचा आणि काका आले की म्हणायचे, माझ्याकडून चुकले! दुपारचे कौतुक माझ्या कानांत अजून घुमत होते. काका रात्री परत आले. त्यांनी विचारले, "बसलं का नीट?" मी म्हणालो, "हो." त्यांनी चाके लावली, ब्रेकच्या नळीतली हवा काढली, एक्सलमध्ये तेल भरले आणि गाडी खाली उतरवली. कमानीच्या टोकांतील नवे रबरी बुश शेवटी आवळायचे असतात, कारण गाडीचे ओझे पडण्याआधीच आवळले तर रबराला पीळ पडतो. तेही काम झाले. अब्बा गाडी घरी घेऊन आले.

रात्री मला झोप येईना. डोळे मिटले की नखाएवढी फट दिसे. ती वाढत वाढत हाताएवढी होई. मागच्या सीटवर दादीअम्मा बसलेल्या दिसत. शेवटी मी उठलो आणि अब्बांना हलवले. सगळे सांगून टाकले.

मला वाटले, आता मार बसेल. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गाडी माझी आहे बेटा. पण मागं बसणारी माणसं दुसऱ्यांची आहेत." त्यांनी बॅटरी घेतली आणि आम्ही दोघे काकांच्या घरी गेलो.

काका डोळे चोळत बाहेर आले. त्यांनी ऐकून घेतले आणि खुंटीवरची एक दोरी तेवढी काढून घेतली. आमच्या अंगणात आल्यावर ते गाडीखाली सरपटले. कमानीच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंत त्यांनी दोरी ताणली आणि तिला गाठ मारली. मग तीच दोरी दुसऱ्या बाजूला लावली. गाठ अर्धे बोट पुढे आली.

"बघ," ते म्हणाले, "एवढंसंच आहे."

त्यांनी गाडी पुन्हा घोड्यांवर घेतली. या वेळी पाना माझ्याच हातात दिला. मी चारही नट सैल केले. काकांनी एक्सल जॅकने जरासा उचलला आणि टॉमीने ढकलला. टक् असा आवाज आला. डोके भोकात बसले. फट नाहीशी झाली. मी पुन्हा समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळले. गाडी खाली उतरवून काकांनी पुन्हा दोरी लावली. गाठ दोन्हीकडे एकाच जागी आली.

मी मान खाली घालून उभा होतो. काका अब्बांना म्हणाले, "भाई, चूक एकट्या पोराची नाही. हे माप मी संध्याकाळीच घ्यायला हवं होतं. दमलो होतो, म्हणून त्याच्या 'हो'वर विसंबलो." एवढ्या मोठ्या कारागिराने एका मुलासमोर आपली चूक कबूल केली, याचे मला फार नवल वाटले. मी मात्र हाच एक शब्द बोलायला अर्धी रात्र घालवली होती.

पहाटे गाडी निघाली. काकांनी मलाही बरोबर पाठवले आणि सांगितले, "नवे यू-बोल्ट थोडं अंतर गेले की जरा सैल होतात. परत आलात की पुन्हा आवळायचे. विसरू नकोस." दादीअम्मा मागच्या सीटवर बसल्या. आडूळ मागे पडले तेव्हा त्यांना झोप लागली होती. गाडी सरळ चालली होती. संध्याकाळी परत येताच मी घरात न जाता आधी गाडीखाली गेलो. नट खरोखरच थोडे फिरले.

आज मीही मुलांना मोटारीचे काम शिकवतो. ती अँबॅसिडर अजून आमच्या अंगणात आहे. पाहुणे तिला 'क्लासिक कार' म्हणतात आणि तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. आता बाजारात अचूक मोजमापाची अनेक साधने मिळतात. माझे विद्यार्थी ती वापरतात आणि वापरलीच पाहिजेत. तरीही काम संपले की मी खुंटीवरची दोरी त्यांच्या हातात देतो. "नीट बसलं का?" असे मी विचारत नाही. "चल, दोघं मिळून मोजू," असे म्हणतो आणि त्यांच्याबरोबर गाडीखाली जातो.