मोर्चाबरोबरचा दवाखाना

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा पायी मोर्चा मुंबईला गेला, तेव्हा आम्हा डॉक्टरांचं सगळं काम पायांशी होतं. सुमारे १८० किलोमीटर डांबर तुडवलेल्या टाचा, फुटलेले फोड, जखमेला चिकटून बसलेल्या पट्ट्या. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या तीन कृषी कायद्यांविरुद्ध नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावरून पुन्हा निघायचं ठरलं. या वेळी घोर लागला होता तो श्वासाचा. कोरोनाचं लसीकरण १६ जानेवारीला नुकतंच सुरू झालं होतं, तेही आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून आलेल्या आजींच्या वाट्याला लस यायला अजून अवकाश होता.

‘साथ चालू असताना मोर्चे कशाला?’ असं दवाखान्यातले रुग्णही मला विचारत. या कायद्यांचे अध्यादेश जून २०२० मध्ये, ऐन साथीतच निघाले होते. साथ सरेपर्यंत सरकार थांबलं नाही. मग ज्याच्या शेतमालाचा प्रश्न आहे त्याला ‘घरी बस’ असं मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून मी औषधांची पेटी घेऊन सोबत निघाले.

लोकांना गर्दीने भरलेल्या मैदानाची भीती वाटते. या वेळी बहुतेक वाट गाड्यांतून जायची होती, आणि मला भीती होती टेम्पोची. गारठा असल्यामुळे चारी बाजूंनी ताडपत्री घट्ट बांधलेली, आत माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आणि गाडी हलली की घोषणा आणि गाणी सुरू. खोकल्याइतकेच बारीक तुषार मोठ्या आवाजातूनही उडतात, आणि बंद जागेत ते तरंगत राहतात. ‘मागची ताडपत्री वर गुंडाळा, घोषणा खाली उतरल्यावर द्या,’ असं मी गाडीगाडीला सांगत फिरले. एक आजी म्हणाल्या, “ताई, कोरोनानं मरायचं का थंडीनं, ते तरी सांग.” त्यांचं खरं होतं. तेव्हा आम्ही आधी गावातून आणखी घोंगड्या गोळा केल्या आणि मगच ताडपत्र्या वर गेल्या. पांघरायला न देता हवा खेळती ठेवायला सांगणं मला आजही निर्दयपणाचं वाटतं.

मुक्काम इगतपुरीजवळ घाटनदेवीला होता. तिथे ऑक्सिमीटरने चांगलंच घाबरवलं. एका काकांचं बोट लावलं तर आकडा नव्वदच्याही खाली, पण बोलताना दम लागत नव्हता. बोटं बर्फासारखी गार पडली की यंत्र चुकीचं दाखवतं. चुलीपाशी हात शेकून, चोळून पुन्हा मोजलं, तर ९७. ज्यांचा आकडा हात गरम केल्यावरही ९४ च्या खाली राहील त्यांनी पुढे यायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. तापाचा एक तरुण निघाला. भरलेल्या टेम्पोतून परत धाडला असता तर त्याने सगळ्यांनाच धोका झाला असता, म्हणून त्याला जीपमध्ये एकट्याला मागे बसवून, काचा उघड्या ठेवून गावी पाठवला.

मास्कला कुणाचा विरोध नव्हता. अडचण तंबाखूची होती. एकाच्या तळहातावर मळलेली चिमूट चौघांच्या ओठांत जायची, चुन्याची डबी हातोहात फिरायची, आणि थुंकायला मास्क खाली ओढला जायचा. तंबाखू सोडा म्हणायची ती वेळ नव्हती. ज्याची त्याची पुडी, ज्याची त्याची डबी, एवढंच मी मागितलं. घामाने आणि घोषणांनी ओला झालेला मास्क बदलायचा, म्हणून खिशात एक कोरडा. पाण्याचं मात्र शिकवावं लागलं नाही. तांब्या वर धरून, तोंड न लावता पिण्याची सवय सगळ्यांना होतीच.

दुसऱ्या दिवशी कसारा घाट पायी उतरलो. मोकळी हवा, लांबच लांब रांग, पुढे वाद्यांचा ठेका. पूर्ण प्रवासात माझा जीव खरा निर्धास्त होता तो तेवढाच वेळ.

२५ जानेवारीला आझाद मैदानातून राजभवनाकडे निघालेला मोर्चा पोलिसांनी मेट्रो सिनेमाजवळ अडवला. पुढचे थांबले हे मागच्यांना दिसत नाही. ते चालतच राहतात आणि मधली माणसं चेपली जातात. गावात शिकवलेलं सगळं अंतर तिथे काही क्षणांत नाहीसं झालं. स्वयंसेवकांनी मागून सुरुवात करून लोकांना होते तिथेच रस्त्यावर बसवलं. बसलेला माणूस मांडी घालण्यापुरती जागा घेतोच, आणि मागून येणारा रेटाही थांबतो. मोर्चा अडला की आधी खाली बसा, हे आता मी प्रत्येक आंदोलनाच्या बैठकीत सांगते.

प्रत्येक गाडीत कोण बसलं याची यादी हवी, हा माझा हट्ट होता. यादी पोलिसांच्या हाती पडेल या भीतीने काहींनी नावं द्यायला नकार दिला. त्यांची शंका मला रास्त वाटली. मग ती वही त्या-त्या गावच्या कार्यकर्त्याकडेच ठेवली. आमच्याकडे फक्त त्याचा फोन नंबर. परतल्यावर पुढचे १४ दिवस आम्ही तेवढेच फोन करत राहिलो. एका पाड्यावर एकीला ताप आला, तेव्हा वही उघडली गेली आणि तिच्या टेम्पोतली सगळी माणसं तिचा अहवाल येईपर्यंत आपापल्या अंगणात वेगळी झोपली. औषधं घेऊन आशा सेविका रोज त्यांच्याकडे जात होत्या.